पायंडे आण्णा

आण्णांना साप दिसला तर ते काठी शोधायचे, साहेब दिसला तर चहा सांगायचे. पण कुणी एखादी गोष्ट पहिल्यांदाच करताना दिसला की त्यांचा धीर सुटायचा. "पायंडा पडतोय बगा," असं म्हणून ते कपाळावरचं पीठ पुसायचे. एका उन्हाळ्यात तालमीसमोरच्या कट्ट्यावर एकानं घरून उशी आणली आणि तिला टेकून बसला. आण्णा गिरणी तशीच चालू ठेवून रस्ता ओलांडून आले. "आज उशी आली. उद्या गादी येईल. परवा मच्छरदाणी बांधशील आणि तेरवा म्हणशील, कट्टा आमच्या आज्ज्याचा हाय." उशी घरी गेली, ती काही पुन्हा बाहेर आली नाही.

या एका शब्दापायी त्यांचं खरं आडनाव पेठेत कुणाला आठवेनासं झालं. एका लग्नपत्रिकेत तर निमंत्रकांच्या यादीत चक्क 'श्री. पायंडे' असं छापून आलं. आण्णांनी पत्रिका लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते एवढंच म्हणाले, "एकानं छापलं. आता समदी छापणार." आणि तसंच झालं. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक पत्रिकेत पायंडे आले, आणि आण्णाही प्रत्येक लग्नाला पायंडे म्हणूनच जाऊन जेवून आले.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. तिथं माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे राहत. डबा ठेवून बाई भाजीला गेली तरी तिची जागा तिचीच. डब्यावरची नावं आण्णा स्वतः तैलरंगानं घालून देत. अक्षर असं की पाटी रंगवणाऱ्यानं लाजावं. रांगेला कायदे होते आणि ते कुठंही लिहिलेले नव्हते. घरात बाळंतीण असेल तर डबा पुढं. घरात कुणी गेलेलं असेल तर रांगच नाही, पीठ घरपोच. नाचणीनंतर लगेच गहू घालायचे नाहीत, मध्ये कुणाची तरी ज्वारी पाहिजे. हे सगळं आम्हाला केव्हा कळलं ते सांगता येणार नाही. चालायला केव्हा लागलो ते तरी कुठं सांगता येतं?

गल्लीत नवीनच राहायला आलेल्या एका बँकेच्या साहेबांनी एकदा आपला डबा सरळ सगळ्यांच्या पुढं ठेवला. आण्णांनी काहीही म्हटलं नाही. बायकाही काही बोलल्या नाहीत. सगळ्या जणी फक्त त्या डब्याकडे बघत राहिल्या. गिरणीचा पट्टा फिरत होता आणि दहा-बारा बायका एका डब्याकडे टक लावून उभ्या होत्या. साहेबांनी दोन मिनिटं डायरी काढून बघितली, खिशात ठेवली, परत काढली. मग हळूच डबा उचलून शेवटी नेऊन ठेवला. ते गेल्यावर मी आण्णांना म्हटलं, "तुम्ही बोलला का नाही?" आण्णा म्हणाले, "बोललो असतो तर भांडला असता की. न बोलणाऱ्यासंगं कसा भांडंल?"

मी आज कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. सामाजिक नियमने, लोकरीती, लोकनीती असे शब्द फळ्यावर लिहिते. मुलं ते वहीत उतरवतात आणि जांभया देतात. मग मी खडू खाली ठेवते आणि गिरणीतला डबा सांगते, की वर्ग जागा होतो. आण्णांच्या मते गुन्हे तीनच जातीचे होते: हसून सोडायचे, चहा बंद करायचे, आणि ज्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असे. जाड पुस्तकांतून, मोडली तर नुसतं हसू होणारी लोकरीती आणि मोडली तर वाळीत टाकणारी लोकनीती यांतला फरक समजावून घेताना मला यापेक्षा सोपं काही सापडलं नाही.

गिरणी बंद झाली की आण्णा तालमीत. तालमीला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, खजिनदार, सचिव आणि सहसचिव होते. आण्णा यांतले कुणीच नव्हते. ते दाराशी बाकड्यावर बसत. पण आण्णा आले नाहीत तोवर बैठक सुरू होत नसे. कुणी विचारलं तर सांगायचे, "अध्यक्ष सहीला हाय. म्या इचारायला हाय." विचारायला लोक येतही. एकदा फुटबॉलच्या सामन्याआधी मोठा पेच पडला. आमच्या पेठेच्या एका घराचा जावई नेमका शेजारच्या पेठेतला, आणि सामनाही त्याच दोन पेठांत. सासुरवाडीला आलेल्या जावयानं मैदानात बसायचं कुणाकडं? घरात सासरे-जावई बोलेनासे झाले होते. आण्णांनी निकाल दिला: "पहिल्या हाफला आपल्यात बसायचं, दुसऱ्या हाफला त्येंच्यात. जेवायला मातूर आपल्यातच." जावयानं तो पाळला. मध्यंतरात तो मैदान ओलांडून निघाला तेव्हा दोन्हीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता मी यात कुठं आले ते सांगते. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. एका खोलीत टीव्ही, दुसरीत धाकट्या चुलत्याची शिवणाची मशीन. बाबा एस.टी.त कंडक्टर. त्यांनी मला तिकीट फाडल्यासारखं स्पष्ट सांगितलं होतं: "फर्स्ट क्लास आला तर एम.ए. कर. न्हाय आला तर कुरुंदवाडचं स्थळ हाय, माणसं चांगली हायत." माणसं खरोखरच चांगली होती, हीच तर अडचण. नकार द्यायला काही कारणच नव्हतं. मला फक्त फर्स्ट क्लास पाहिजे होता आणि त्यासाठी बसायला एक शांत जागा.

तशी जागा तालमीच्या माडीवर होती. तिथं नवीन अभ्यासिका झाली होती. नऊ टेबलं, दोन पंखे, पांढरीशुभ्र ट्यूब. गल्लीतली मुलं तिथं सकाळ-संध्याकाळ वाचत बसायची. मुलगी मात्र एकही नव्हती. मी दळण घेऊन गेले तेव्हा आण्णांना विचारलं, "आण्णा, माडीवर मुलींनी बसायचं नाही असा नियम आहे का?"

"न्हाय."

"मग मी येऊन बसू?"

"तसा पायंडा बी न्हाय की."

"नियम नाही ना पण?"

"नियम न्हाय, पायंडा न्हाय. मग न्हाईच म्हणायचं." माझा चेहरा बघून त्यांनी पीठ झाडलं आणि म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे 'नाही', हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

मी काही बघत बसले नाही. दुसऱ्या दिवशी चार पुस्तकं घेऊन सरळ माडी चढले आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. कुणीही मला ऊठ म्हटलं नाही. कुणी वाकडं बोललं नाही. फक्त पाच मिनिटांनी एक मुलगा उठून गेला. मग दुसरा. मग दोघं बरोबर. सगळी शाळेपासून ओळखीची पोरं, पण एकानंही वर बघितलं नाही. अर्ध्या तासात मी एकटीच राहिले, डोक्यावर दोन पंखे आणि भोवती आठ रिकामी टेबलं. बँकेच्या साहेबांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. मी पुस्तकं उचलली आणि खाली आले. आण्णा बाकड्यावर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं नाही. घरी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

त्यानंतर महिन्याभरात तालमीवर एक वेगळंच संकट आलं. व्यायामशाळेसाठी सरकारी मदत मिळणार होती आणि त्यासाठी लेखी नियमावली जोडायची होती. दुसऱ्या कुणी तयार छापील मसुदा आणून सही ठोकली असती. आमच्या तालमीनं तो कागद मनावर घेतला. नियम लिहायचेच आहेत तर सगळे लिहू, असं ठरलं. तीन रविवार बैठका. अक्षर आण्णांचं चांगलं म्हणून लिहायला आण्णा. त्यांनी सुरुवातीलाच अट घातली: "ज्यो नियम सांगंल त्येचं नाव मी सूचक म्हणून लिवणार. ज्यो व्हय म्हणंल त्येचं अनुमोदक म्हणून. निनावी कायबी लिवणार न्हाय. उद्या कुणी इचारलं तर माणूस दाखवाय पायजे."

पहिल्या रविवारी 'चप्पल बाहेर काढावी' हे पाच मिनिटांत झालं. 'आखाड्यातल्या मातीला पाय लावण्यापूर्वी हात लावावा' हेही झालं. मग 'मिरवणुकीत पहिला नारळ' आला आणि तिथं गाडं अडलं. तिघांनी शपथेवर सांगितलं की हा मान पहिल्यापासून आपल्याच घराचा. तिघांचंही खरं होतं, कारण दरवर्षी गर्दीत तीन ठिकाणी तीन नारळ फुटत होते आणि प्रत्येकाला आपलाच पहिला वाटत होता. इतकी वर्षं सगळे सुखात होते. कागद पुढं आला आणि भांडणं लागली. 'भांडण झाल्यास तिसऱ्या दिवशी चहाला बोलवावे' हा नियम मात्र एकमतानं झाला आणि लगेच उपयोगीही पडला.

बैठकीचा चहा गल्लीतल्या घरांनी पाळीनं द्यायचा असे. तिसऱ्या रविवारी पाळी आमची होती. आईनं किटली माझ्या हातात दिली. मी चहा दिला आणि कप परत न्यायचे म्हणून दाराजवळ, आण्णांच्या समोरच्या भिंतीशी, मांडीवर किटली घेऊन बसून राहिले. तेवढ्यात अभ्यासिकेचा विषय निघाला.

"अभ्यासिका फक्त मुलांसाठी. ल्ह्या आण्णा," सचिव कप खाली ठेवत म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना मी दिसले.

आण्णांनी आकडा घातला, पेन टेकवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "सूचक कोण?"

"सूचक कशाला? ते तर हायच की पहिल्यापासून."

"हाय तर नाव सांग. तुझं घालू?"

"माझं नगो. माझी भन औंदा बारावीला हाय. ती वाचंल." सचिवांनी उपाध्यक्षांकडं बघितलं. उपाध्यक्षांना दोन मुली. त्यांनी खजिनदारांकडं बघितलं. खजिनदार कपात बघू लागले. अध्यक्ष म्हणाले, "मी अध्यक्ष हाय. मला सूचक हुता येत न्हाय." तसा नियम कुठंच नव्हता, पण कुणी हरकत घेतली नाही. मोठमोठ्या दंडांचे, मिशांना पीळ देणारे वीस-बावीस पुरुष बसले होते, आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका गोष्टीखाली स्वतःचं नाव घालायला त्यांतला एकही तयार होईना. माझ्या मांडीवरची किटली गार होत चालली होती.

आण्णांनी बराच वेळ वाट बघितली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं. मग घातलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "फुडचा इषय."

दुसऱ्या दिवशी मी माडी चढले. एक मुलगा उठला, इकडंतिकडं बघितलं आणि पुन्हा बसला. बाकीचे हललेच नाहीत. खाली जिन्याशी आण्णा होते. "चप्पल खाली काढ," ते म्हणाले, "नियम पहिला." मला फर्स्ट क्लास मिळाला. कुरुंदवाडच्या त्या चांगल्या माणसांना दुसरी चांगली मुलगी मिळाली. पुढं एम.ए., मग नोकरी. आज त्या अभ्यासिकेत मुलीच जास्त असतात आणि जागेवरून त्यांची आपसांत भांडणं होतात.

मी वीस वर्षं प्रत्येक वर्गाला ही हकिकत सांगत आले. त्यात आण्णा कोण असत? एक सातवी शिकलेला गिरणीवाला, ज्यानं आवाज न चढवता, एकाच प्रश्नानं जुनी रूढी मोडली. मी त्यांना पार क्रांतिकारक करून टाकलं होतं. एका चर्चासत्रात त्यांच्यावर निबंध वाचला, त्यालाही टाळ्या पडल्या. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी हट्टच धरला, की बाई, ते आहेत ना अजून, मग त्यांना बोलवा.

आण्णा आले. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, वय ऐंशीच्या पुढं. माझ्या खुर्चीत बसायला तयार होईनात. "मास्तरच्या खुर्चीत गिरणीवाला बसला तर पायंडा पडंल," म्हणाले आणि पहिल्या बाकावर पोरांच्यात जाऊन बसले. वर्ग खूश झाला. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "आजोबा, सूचक कोण असं विचारायची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

"कल्पना कसली?" आण्णा म्हणाले. "समद्या नियमाला इचारत हुतो, तसंच त्याला बी इचारलं. आणि खरं सांगू का बाळ, कुणी न्हाय बोललं तर माझंच नाव घालणार हुतो मी."

मुलं माझ्याकडं बघू लागली. मी आण्णांकडं.

"मला पटत नव्हतं पोरींनी माडीवर बसलेलं," आण्णा सांगत होते. "कधी झालं नव्हतं. माझं नाव लिवायला पेन उचललं बी हुतं. मान वर केली तर ही समोर बसल्याली. मांडीवर किटली घिऊन. हिच्या घरच्या डब्यावर नाव मी घातल्यालं. हिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेल्या. हात फुडं जाईचना."

"का पण?" त्या मुलीनं विचारलं.

"ते तुमच्या बाईंस्नी इचारा. शिकल्याल्या त्या हायत."

पोरं खो खो हसली. मला हसू आलं नाही. वीस वर्षं ज्याच्या जिवावर शिकवलं ती गोष्टच पायाखालून सरकली होती, आणि तिच्या जागी जे आलं होतं त्याला माझ्या विषयात शब्द नव्हता. त्यांना स्कूटरवरून घरी सोडताना मी जरा चिडूनच विचारलं, "आण्णा, इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुटं? तू आपली गावभर सांगत सुटलीस, आण्णानं केलं, आण्णानं केलं." त्यांनी मागं बसून डोक्यावरची टोपी हातानं दाबून धरली. मग म्हणाले, "ऐकून ऐकून मला बी बरं वाटाय लागलं. आता मला बी तसंच पटतंय."

त्यानंतर दोनच महिन्यांत आण्णा गेले. मला त्यांची फार आठवण येते. आभार मी त्यांचे पूर्वी पुष्कळदा मानले होते, पण ते मी रचलेल्या सुधारकाचे. ज्या माणसाला मनापासून 'नाही' म्हणायचं होतं आणि समोर मी होते म्हणून ते म्हणता आलं नाही, त्याचे मानायचे राहूनच गेले. आणि मला तो सुधारकापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

आता मी वर्गात खरी हकिकत सांगते. मुलं थोडी हिरमुसतात, त्यांना पराक्रम हवा असतो. परवा सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. गगनबावड्याकडून रोज एस.टी.नं येते, एरवी तोंड उघडत नाही. तिनं विचारलं, "बाई, त्या रविवारी चहाची पाळी दुसऱ्या कुणाच्या घरची असती तर?"

मला कागदावर टेकलेलं आण्णांचं पेन दिसलं, आणि कुरुंदवाडची ती चांगली माणसंही. तास संपायला अजून दहा मिनिटं होती, पण मी तो तिथंच सोडला.